घास गिळला तर

मी काय शिकते हे आमच्या गावात अजून कुणाला नीट कळलेलं नाही, आणि समजावून सांगायचा नाद मीही आता सोडलाय. पशुवैद्यकीय तंत्रज्ञान, विद्यापीठाची पदवी, असं म्हटलं की समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि विचारतो, म्हणजे ढोरांची नर्स का? माझ्या मोठ्या चुलत्यांनी तर एका लग्नात चारचौघांत ओळख करून दिली होती की ही आमची पुतणी, बैलांना सलाईन लावती. मला असा राग आला होता ना, की जेवणच गेलं नाही. आता खरं बघायला गेलं तर सलाईन लावतेच मी. रक्त काढते, काचेच्या पट्टीवर पसरून रंगवते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते. जनावर कसं धरायचं, कसं पाडायचं, भूल दिल्यावर त्याच्या श्वासावर लक्ष कसं ठेवायचं, हे सगळं आमच्याकडे. फक्त रोगाचं निदान डॉक्टरांकडे.

या निदानावरूनच आमचे सर पहिल्या दिवसापासून हात धुऊन मागे लागायचे. कुणी पोरगं म्हणालं, सर, गाय आजारी आहे, की सर म्हणणार, आजारी कशावरून? तुला काय दिसलं? कान गार आहेत? रवंथ थांबलाय? शेण पातळ आहे? मग तेवढंच बोल. जे दिसलं ते सांगायचं, त्याला नाव द्यायचं नाही, नाव डॉक्टर देतील. तेव्हा मला ही जरा जास्तच कटकट वाटायची.

पण या शिक्षणानं मला सगळ्यात आधी काय दिलं असेल तर भीती. कुणी सांगितलंच नव्हतं की या अभ्यासक्रमात भीतीही शिकवतात. जनावरांकडून माणसाला काय काय होऊ शकतं, हा विषय सुरू झाला आणि प्रत्येक तासाला मला आमचं घर दिसायला लागलं. लहानपणी मी हिवाळ्यात वासराला टेकून झोपायचे. माय गाय व्याल्यावर हातानंच वार ओढून काढायची, लुगड्याला हात पुसायची आणि चुलीपुढं बसून भाकरी थापायची. मी हॉस्टेलवरून फोन करून विचारायचे, माय, हात धुतलेस का? ती म्हणायची, तुझं सगळं शिक्षण माझ्या हातावरच आलंय का गं बाई?

पहिल्याच वर्षी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून कुत्रं चावल्यावर देतात त्या सुया आधीच टोचल्या होत्या. आमचं कामच तसलं, कोणत्या जनावराच्या तोंडात काय असेल सांगता येत नाही. मी घरी सांगितलं तेव्हा माय गमतीनं म्हणाली होती, "आन् आमाला?"

पोळ्याला मी गावी आले. बदनापूरला गाडीतून उतरले तर अप्पा, म्हणजे माझे वडील, मोटरसायकल घेऊन उभे. उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. मी विचारलं तर म्हणाले, काई न्हाई, शिंगं साळताना ब्लेड लागलं, डाव्यानं मान झटकली. पोळ्याआधी शिंगं तासून गुळगुळीत करायची, मग रंग लावायचा, हे अप्पा कधी दुसऱ्याला करू देत नाहीत.

डावा आणि उजवा ही आमची जोडी. जुवाला डाव्या अंगाला चालतो तो डावा, एवढं साधं. उजवा बाजारातून आणलेला. डावा आमच्याच गाईचा, आमच्याच गोठ्यात जन्मलेला. मोसंबीच्या बागेत आता ट्रॅक्टर येतो, पण झाडांच्या बुडाशी वखर फिरवायला अप्पांना डावाच लागतो. डाव्याला कुणी बैल म्हटलेलंही त्यांना फारसं आवडायचं नाही.

त्या संध्याकाळी खांदमळणी होती. बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, वर्षभर जू वाहिलेला खांदा शेकायचा आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. उजवा नेहमीसारखा डोळे मिटून उभा राहिला. डावा काही उभा राहीना. पाय आपटत होता, दावं ओढत होता. त्याच्या ओठातून लाळेची तार खाली आली, तुटली, परत आली. अप्पा म्हणाले, दोन दिवसांपासून नीट खाऊन न्हाई राह्यला. माझ्या ओठांवर एक प्रश्न आला होता, पण मी तो गिळून टाकला. सणासुदीला घरी आल्या आल्या कशाला तोंड उघडा, म्हटलं.

सकाळी मी न्हाऊन केस पुसत होते आणि डावा हंबरला. ते हंबरणं नव्हतं. गळा बसलेल्या माणसानं लांबवर कुणाला हाक मारायला जावं आणि हाक मधेच फाटावी, तसा आवाज. मी तो आवाज आधी ऐकला होता. सरांनी वर्गात मोबाईलवर ऐकवला होता, आणि पोरं हसली होती, मीही हसले होते. माझ्या हातातला टॉवेल कधी खाली पडला ते कळलं नाही.

मी गोठ्यात गेले. लांबूनच बघितलं. लाळ चालू. कडब्याला तोंड लावलेलं नाही. हौदापाशी सोडलं होतं तर त्यानं तोंड पाण्यात घातलं, घोट घेतल्यासारखं केलं आणि पाणी तसंच्या तसं तोंडातून बाहेर आलं. मागचे पाय जरा लडखडत होते. मी मनातल्या मनात सरांसमोर उभी राहून एकेक सांगत होते, आणि प्रत्येक गोष्टीनिशी भीती वाढत होती.

अप्पा म्हणाले, "घशात मोसंबी अडकली असंल. काल बागेत सोडला व्हता."

आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कारण तसं होऊ शकतं. आमच्याकडे हे नेहमी होतं. खाली गळलेलं फळ बैल अख्खं गिळतो, ते अडकतं, मग लाळ गळते, पाणी बाहेर येतं. मी त्या मोसंबीला अगदी धरून बसले. देवा, मोसंबीच असू दे. आवाजाचं काय, घसा दुखत असेल तर आवाज बसणारच. असं मी मला समजावत होते आणि समजत नव्हतं.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी एका अडलेल्या गाईपाशी होते. म्हणाले, दुपारपर्यंत येतो, तोवर बैलाच्या तोंडात हात घालू नका, कुणालाही घालू देऊ नका. मी ते सगळ्यांना सांगितलं. अप्पांना तर दोनदा सांगितलं. ते हो म्हणाले. मग मी माझ्या बॅगेतले हातमोजे आणायला घरात गेले. बॅग माळ्यावर ठेवली होती, ती काढायला थोडा वेळ लागला, तेवढाच.

बाहेर आले तर माय आरतीचं ताट घेऊन उभी होती. आणि अप्पांनी एका हातानं डाव्याची मोहरकी, तोंडाची दोरी, धरली होती आणि दुसरा हात कोपरापर्यंत त्याच्या तोंडात घातला होता. पुरणपोळीचा घास त्याच्या घशापाशी नेऊन ते दाबत होते. पोळ्याला बैल उपाशी राहायचा नाही, घास हातानं भरवायचा, हे आम्ही सगळेच करत आलो. मीही लहानपणी केलंय. अप्पांनी हात बाहेर काढला तेव्हा घासही बाहेर आला, आणि लाळेत भिजलेलं ते अंगठ्याचं फडकं. ते शेणात पडलं. अंगठा उघडा होता, कापलेल्या जागी हळद धुऊन गेली होती आणि लाल दिसत होतं.

मी अप्पांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत टाकीच्या नळाखाली नेलं. उभ्या आयुष्यात मी त्यांच्याशी असं वागले नव्हते. कपड्याचा साबण घेतला आणि तो अंगठा धूत राहिले, पाणी सोडून धूत राहिले. ते म्हणत होते, अगं झालं, किती धुतीस. पोळ्याच्या दिवशी फेटा बांधलेल्या माणसाला पोरीनं नळाखाली धरलंय, हे बघायला अर्धी गल्ली गोळा झाली. बायका आपापली नैवेद्याची ताटं घेऊन आल्या होत्या, आमच्या बैलांना भरवायला. मी ओरडून सांगितलं की आमच्या बैलांना कुणी हात लावायचा नाही, उजव्यालाही नाही. शेजारची काकू म्हणाली, सणाला बैल उपाशी ठेवायचं कोणत्या कॉलेजात शिकवतात बाई? मी मान वर न करता अप्पांच्या अंगठ्याला परत साबण लावला.

मोठे चुलते आले. त्यांना मी सांगितलं, नाव न घेता सांगितलं, म्हणजे लाळ, पाणी, आवाज, एवढंच. त्यांना कळलं. ते चिडले. म्हणाले, आजच्या दिवशी आपल्या बैलाला पिसाळलेला म्हणू नको. आणि तसलं काही असलंच तर अंबडच्या बाजूला एक जण झाडपाला देतो, उद्या जाऊ. अप्पा ओट्यावर बसले होते, ओला हात मांडीवर ठेवून. ते कुणाकडेच बघत नव्हते. म्हणाले, सण होऊन जाऊ द्या, मंग बघू.

मंग बघू! मला हुंदका आला. मी कॉलेजातली पोरगी, तिसऱ्या वर्षाची, मला नाव द्यायचा अधिकार नाही, आणि उद्या ही मोसंबी निघाली तर गाव जन्मभर हसेल, हे सगळं डोक्यात होतं. पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. एकदा माणसात हा आजार दिसायला लागला की मग कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही. जे करायचं ते आधी, ताबडतोब. आणि अप्पा ओट्यावर बसून होते.

मी सरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन अप्पांच्या शेजारी ठेवला. सणाचा दिवस, तरी त्यांनी उचलला. मी सांगत गेले. सर मधे मधे विचारत होते. मग म्हणाले, आवाज कसा आहे? मला तो सांगता येईना. तेवढ्यात गोठ्यातून डावा परत ओरडला. फोनमधून तो तिकडे ऐकू गेला असणार, कारण सरांनी आवाजाबद्दल परत विचारलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "बैलाचं राहू दे. तोंडात हात कुणी घातला?"

"वडिलांनी."

"हाताला जखम?"

"आहे."

"मग तू अजून घरी काय करतेस?"

अप्पा उठले. आत गेले, फेटा काढून खुंटीला लावला, दुसरा सदरा घातला. बाहेर आल्यावर चुलत्यांना म्हणाले, दादा, बैलापशी कुणाला जाऊ देऊ नका, आम्ही जालन्याहून येतो. चुलते झाडपाल्याचं काही बोलायला लागले तर अप्पा म्हणाले, ते नंतर. दादांना असं मधेच तोडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

मोटरसायकल मी चालवली. अप्पा मागे बसले. रस्त्याला ठिकठिकाणी झुली घातलेले, शिंगांना गोंडे बांधलेले बैल चालले होते, आणि मला एकाच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं. मला आरशात त्यांचा खांदा फक्त दिसत होता.

मग ते म्हणाले, "आवाज मी परवाच ऐकला व्हता."

मला वाटलं वाऱ्यात मी काहीतरी भलतंच ऐकलं. मी गाडी हळू केली.

त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. लहानपणी त्यांच्या गल्लीत एका माणसाला असं झालं होतं. त्याला बाजेला बांधलं होतं. त्याची आई तांब्या घेऊन जवळ गेली की तो तांब्या बघूनच आचके द्यायचा. तहान तर लागलेली, पाणी तर समोर. अप्पा खिडकीतून बघून पळाले होते. त्या घरची गायसुद्धा मेली होती, आणि मरायच्या आधी ती असंच ओरडत होती. आणि दोन आठवड्यांमागे, की जास्तच, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, एक कुत्रं डाव्याच्या नाकाला झोंबून पळालं होतं. अप्पांनी दगड मारला होता. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, मग हात कशाला घातला अप्पा? मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.

"म्हटलं, घास गिळला तर ते न्हाई," अप्पा म्हणाले. "गिळंल असं वाटलं. माझ्या हातचा घास त्यानं कधी टाकला न्हाई."

रस्ता दिसेनासा झाला म्हणून गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि परत निघाले. माझा बाप अडाणी आहे म्हणून त्यानं हात घातला, असं मला सकाळपासून वाटत होतं. तो माझ्याइतकाच घाबरलेला होता, माझ्या दोन दिवस आधीपासून.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या दंडात सुई दिली आणि अंगठ्याच्या जखमेत आणि भोवतीनंही औषध सोडलं. ते फार दुखतं. अप्पांनी दुसऱ्या हातानं माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत. पुढच्या सुया एकही चुकवू नका.

आम्ही परत आलो आणि दुपारनंतर डॉक्टर गावात आले. त्यांनीही लांबूनच बघितलं आणि दोन बाजूंनी दोन दोर लावून बांधायला सांगितलं. डाव्याचं एकच शिंग निळं रंगवलेलं होतं, दुसरं तसंच, कारण त्यानं उभं राहू दिलं नव्हतं. अप्पा कुंपणापाशी गेले आणि त्यांनी त्याला नेहमीसारखी जीभ टाळूला लावून हाक दिली. त्यानं ओळखलं नाही. तो दोराला मुसंडी मारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टरांनी तपासायला नमुना नेला, तेव्हा ट्रे धरायला मी होते, चेहऱ्यावर पडदा आणि हातात दोन दोन मोजे. माझं काम ते, मीच केलं. बागेच्या कडेला मोठा खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरलं. काही दिवसांनी नमुन्याचं उत्तर आलं. जे वाटत होतं तेच.

पण त्या उत्तराची वाट न बघता अप्पा पोळ्याच्या संध्याकाळीच गल्लीतल्या घराघरांत स्वतः गेले होते. आमच्या बैलाच्या तोंडाला चार-दोन दिवसांत कुणाचा हात लागलाय का, विचारून आले. त्यांना हात जोडून दवाखान्यात पाठवलं. शेजारची काकूही गेली, शिव्या देत गेली, पण गेली.

अप्पांच्या सगळ्या सुया झाल्या. दवाखान्यातले म्हणाले, आता काही काळजी नाही. सर म्हणाले, काळजी नाही. माझ्या पुस्तकातही तेच आहे. पण त्याच पुस्तकात हेही आहे की हा आजार अंगात शिरल्यावर कधी महिन्यानं दिसतो, कधी दोन-तीन महिन्यांनी, आणि क्वचित वर्षानंही. न शिकलेल्या माणसाला डॉक्टर ‘काळजी नाही’ म्हणाले की संपतं. माझ्या डोक्यातून ते ‘क्वचित’ काही जाईना. सुटीला घरी आले की मी अप्पांकडेच बघत बसायचे. ते चहा पिताना ठसकले की माझा जीव वर यायचा. दिवाळीत एकदा दुपारी जेवताना ते म्हणाले, पंखा बंद कर गं, वारं सहन होईना. माझ्या हातातली भाजीची वाटी खाली पडली. वारा सहन न होणं, हेही त्यात असतं. त्यांना नुसती सर्दी झाली होती. पण अप्पांनी खाली सांडलेल्या भाजीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी हॉस्टेलला परत आले तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल यायला लागला. ज्या माणसाला मोबाईल कानाला उलटा लावायची सवय, त्यानं हे कुणाकडून शिकून घेतलं देव जाणे. फोन टाकीच्या कठड्यावर टेकवायचा, समोर उभं राहायचं, तांब्या वर धरायचा आणि वरून पाणी प्यायचं. गळा वरखाली होताना मला दिसायचा. मग मिशा पुसायच्या आणि म्हणायचं, पाह्यलं? जाय आता कॉलेजला. मला हसू यायचं. मला वाटायचं, पोरीची भीती जावी म्हणून बिचारे रोज करतात.

गेल्या आठवड्यात माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. फोन बाहेर जमा केला होता. सुटले तेव्हा दुपार कलली होती आणि मायचे मिस्ड कॉलच कॉल. मी घाईनं व्हिडिओ कॉलच लावला.

माय म्हणाली, "अगं कुठं होतीस? सकाळपासून तांब्या भरून बसलेत. तू दिसल्याबिगर पाणी पेत न्हाईत ते. कधीच न्हाई पेत पहिलं पाणी. हिंमत होत न्हाई म्हणतात."

तिनं फोन त्यांच्याकडे वळवला. अप्पा ओट्यावर बसले होते. ओठ सुकलेले. ते हसले नाहीत, मीही हसले नाही. त्यांनी तांब्या उचलला तेव्हा थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. मग तोंड उघडून त्यांनी धार सोडली. मी नजर हलवली नाही. तांब्या रिकामा झाला आणि ते फोनकडे बघत राहिले, मी काय म्हणते याची वाट बघत.

मी दिसलं ते सांगितलं.

"गिळलं, अप्पा."